चौकातली भिंत

एकोणऐंशी सालातली माघाची सकाळ. अड्याळपासून दोन कोसांवरच्या खैरटोलीत, जुन्या शाळेच्या पडवीत बांधकाम खात्याचा ओवरसियर परसराम मुलांच्या घोळक्यात बसला होता. नव्या शाळेचा नकाशा काढायला तो आला होता, पण मोजायची टेप काढण्याआधी मुलांनाच विचारत होता, "सकाळी उठावंसं कायच्यासाठी वाटते रे तुमाले?"

हा प्रश्न त्याला नागपूरला शिकताना भेटलेल्या एका जपानी भिक्खूचा. त्यांच्याकडे त्याला 'इकिगाई' म्हणतात, म्हणजे ज्याच्यासाठी जगावंसं वाटतं ते. शाळेत प्रत्येक पोराला तसं काही सापडावं, नाहीतर नुसत्या चार खोल्या कशाला बांधायच्या, असं परसरामला वाटे.

कुणी म्हणालं बैलं, कुणी मातीची खेळणी. गावाबाहेरच्या बौद्धांच्या टोलीतली दहा वर्षांची धुरपता मागून पुढं सरकली. मग म्हणाली, "मले साऱ्याइले पाणी वाढावं वाटते. पन माठाले हात लावू देत नाही."

टोलीतल्या मुलांच्या ओंजळीत शिपाई वरून पाणी ओतत असे. परसराम स्वतः तसंच पाणी पिऊन शिकला होता.

त्यानं नकाशा काढला. मधे मोकळा चौक, कडेला मातीकाम-बांबूकामाच्या पडव्या, मागे धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं लहानसं शेत, आणि चौकाच्या मधोमध पाण्याच्या माठाचा ओटा, सगळ्या मुलांनी पाळीपाळीनं सांभाळायचा. मंजुरी आली, पाया खणला गेला. धुरपताची आई वच्छला विटा वाहायला कामावर लागली.

मग एक दिवस भय्याजी आले. शाळेला जागा त्यांनीच दिली होती.

"नकाशा झकास आहे, साहेब. फक्त चौकात एक भित घाला. ओटा आमच्याकडं राहू द्या."

"काहून?"

"मी नाही मानत जी. पन घरच्या बाया पोरं पाठवनार नाही. रिकाम्या शाळेले काय करता?"

"कायद्यात बसत नाही, भय्याजी."

"गावात बसते ना."

परसरामनं नकार दिला. आठवड्यानं वरचे साहेब जीपनं आले. "तोंडी सांगतो, भिंत घाला. त्यांनी जागा परत घेतली तर शाळाच जाईल. नुकसान तुमच्याच पोरांचं."

तो 'तुमच्याच' शब्द ऐकून परसरामनं गवंड्याला भिंतीची आखणी करून दिली.

भिंत चढू लागली. डोक्यावर विटा घेऊन वच्छला त्याच्यापुढं थांबली. "साहेब, हे भित नकाशात होती का?"

"नव्हती, वच्छलाबाई."

वरून गवंडी ओरडला, "इटा आन!" उन्हाळ्यात दुसरं काम नव्हतं. ती गेली.

जूनअखेर शाळा भरली. नवव्या दिवशी धुरपता भिंतीच्या पलीकडे गेली आणि तिकडच्या एका तहानलेल्या मैत्रिणीला तिनं ओट्यावरचं पाणी दिलं. त्या मैत्रिणीला घरी मार बसला. दुपारी गावातल्या बायांनी धुरपताच्या डोळ्यांदेखत माठ फोडला आणि ओटा शेणानं सारवला. त्यानंतर ती शाळेत गेली नाही.

परसराम टोलीत आला तेव्हा मायलेकी दारात विड्या वळत होत्या. धुरपतानं मान वर केली नाही.

"मी भांडलो, वच्छलाबाई. माझं चाललं नाही."

"दुसरा साहेब असता तं आमी काही म्हटलं नसतं," वच्छला म्हणाली. "तुमी आमच्यातले, म्हनून पोरीनं तुमाले सांगितलं."

त्याला बसा म्हणायला कुणाला सुचलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या नावानं लेखी तक्रार केली. महिन्याभरात त्याची बदली झाली. तक्रारीचं उत्तर दोन वर्षांनी आलं : मंजूर नकाशात अशी कोणतीही भिंत नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

परसरामनं दुसरा अर्ज लिहायला घेतला. धुरपताची धाकटी बहीण त्या वर्षी पहिलीत बसली होती, भिंतीच्या अलीकडे.