राहू द्या, मी करते

निनिक आमच्या कचेरीत लागली तेव्हा तिला साधा टाइपरायटरही धड येत नव्हता. पाक हार्सोनो इंडोनेशियातल्या सेमारांगमधले नावाजलेले नोटरी; आमच्याकडे साहेबांना पाक म्हणतात आणि बाईंना बू. त्यांनी तिला कचेरीतल्या जुन्या टायपिस्ट बू कुस्तियांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "यांच्याकडून शीक, म्हणजे दुसरीकडे कुठे जायला नको."

ते खरंच होतं. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे सगळे त्याला हात लावायला घाबरत होते. बू कुस्तिया मात्र थोड्याच दिवसांत वर्डस्टार नावाच्या प्रोग्रॅमवर खरेदीखतांचे मसुदे काढायला लागल्या. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. माउस वगैरे काही नाही. परिच्छेद उचलायचा असो की फाइल जपून ठेवायची असो, सगळं ठरावीक कळा दाबून करायचं. त्या बोलता बोलता करायच्या, पडद्याकडे नीट बघायच्यासुद्धा नाहीत.

निनिकला शिकवताना त्या तिच्या हातांवर रुमाल टाकायच्या.

"खाली बघायचं नाही."

"बू, मग चुकणारच ना."

"चुक की. कचेरी काय पडणार आहे?"

मी दारापाशी फोनवर बसायचे, त्यामुळे हे सगळं रोज ऐकू यायचं. निनिक चुकायची, बू हसायच्या, पुन्हा करायला लावायच्या. वर्षभरात पोरगी तयार झाली.

मग विंडोज आलं. पाक हार्सोनोंनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि तरुण म्हणून निनिकला शिकायला पाठवलं. "आल्यावर बूंना तू शिकव," असं बजावूनच पाठवलं.

पहिल्या दिवशी निनिकने मन लावून शिकवलं. बूंना माउस काही ऐकेना. बाण एकीकडे, त्यांची नजर दुसरीकडे. टेबल संपलं की त्या माउस हवेत उचलून धरायच्या आणि बाण का थांबला म्हणून विचारायच्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळ करायला लागलं. निनिक म्हणाली, "राहू द्या बू, मी करते." बूंनी सुटल्यासारखं होऊन खुर्ची सोडली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पुढे ती सवयच पडली. नवं काही आलं की निनिक हळूच माउस आपल्याकडे ओढायची. हळूहळू महत्त्वाचे सगळे दस्त तिच्याकडे यायला लागले. पाक हार्सोनो खोलीतून हाक मारायचे ती निनिकला. बूंकडे झेरॉक्स आणि शिक्के राहिले.

एका दुपारी बू स्वतःहून तिच्याजवळ गेल्या. "तो समास कसा लावतात, एकदा दाखव ना गं. आज मीच करून बघते."

"आज नको बू, फार काम आहे."

काम काहीच नव्हतं. निनिक मघापासून पत्त्यांचा खेळ खेळत होती आणि बूंना बघून तिने तो झाकला होता. मला ते दिसलं. मी फोनची वही पुढे ओढली.

बूंना येणारा तो जुना कॉम्प्युटरही बंद पडला तेव्हा पाक हार्सोनोंनी निनिकला बोलावलं. दार उघडंच होतं.

"खरं सांग, बूंना हे जमेल का?"

"वय झालंय पाक त्यांचं. मी खूप प्रयत्न केला."

बूंनी तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

ईद झाल्यावर बूंना कामावरून निरोप दिला. पिवळ्या भाताची मूद, तळलेली कोंबडी, सगळं रीतसर. बूंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला नवं जमलं नाही, त्यात कुणाचा दोष नाही. पण या पोरीनं मला चारचौघांत कधी लाजवलं नाही. गुपचूप माझं काम ओढलं." आणि भाताच्या शेंड्याचा पहिला घास, जो सगळ्यांत मानाच्या माणसाला देतात, तो त्यांनी निनिकला दिला.

निनिकने तो तोंडात घेतला आणि तशीच उठली. ती मोरीकडे गेली. मी मागोमाग गेले.

"मी त्यांना शिकवलंच नाही," ती म्हणाली. "त्या शिकल्या असत्या तर मला कोण विचारणार होतं?"

त्यानंतर ती नीट जेवेना. बूंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसायची. शेवटी एका सकाळी तिने पाक हार्सोनोंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आता सांगतेस? त्यांच्या जागी दुसरी मुलगी घेतली मी. शब्द दिलाय." मग म्हणाले, "अडगळीत विंडोजचं एक मशीन पडलंय. चालतं. घेऊन जा त्यांच्याकडे."

आम्ही ते सायकलरिक्षात घातलं. पडदा माझ्या मांडीवर, बाकीचं निनिकच्या. बू अंगणात कपडे वाळत घालत होत्या. आम्हाला बघून त्या खुलल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या. निनिकने त्यांना थांबवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. पत्त्यांच्या खेळासकट, पाकांच्या खोलीत काय बोलली त्यासकट.

बूंनी हातातला परकर पुन्हा बादलीत टाकला.

"मला वाटलं मी मठ्ठ आहे," त्या म्हणाल्या. "रात्री झोप यायची नाही मला. बहिणीला म्हणायचे, माझं डोकं गेलं बहुतेक."

"बू, मला माफ करा."

"ते नंतर बघू." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तू तर समोरच बसायचीस."

चहा त्या दिवशी मिळाला नाही. पण मशीन त्यांनी ठेवून घेतलं आणि दाराशी येऊन निनिकला म्हणाल्या, "उद्या ये. माझ्या हातातून काढून घ्यायचं नाही मात्र."

निनिक रोज कामावरून सुटली की जायला लागली. महिनाभरात बू सगळं शिकल्या. पाक हार्सोनोंच्या कचेरीत जागा नव्हती, म्हणून त्या पलीकडच्या मदरशाच्या ऑफिसात लागल्या. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी, आणि निवृत्तीनंतर हाती काही नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. माफ केलं, असंही कधी म्हणाल्या नाहीत. ईदला निनिक गेली की जेवायला वाढायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या.

पुढे मसुदे इंटरनेटवर गेले. एकाच कागदावर चार जणांनी चार ठिकाणांहून लिहायचं. आमच्या कचेरीत सगळ्यांची तारांबळ उडाली. निनिक तोवर हाताखाली माणसं असलेली मोठी बाई झाली होती. तिने बूंना फोन केला आणि ही नवी कटकट सांगितली.

"ते होय?" बू म्हणाल्या. "आमच्याकडे कधीपासून चालू आहे. मास्तर लोकांना मीच शिकवलं. काय अडलंय, सांग."

निनिकने विचारलं, बूंनी सावकाश समजावलं. काम झालं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बघ, किती छान जमतं त्यांना. आता तरी मनाला लावून घेणं सोड."

"त्यांना जमत नसतं तर बरं झालं असतं गं, मी पाकांना सांगितलं ते निदान खरं तरी ठरलं असतं," ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.