उघाडी

मिठागरांच्या जुन्या नकाशातल्या एका शब्दावर क्षिप्रा फसली. बांधाच्या टोकाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘उघाडी’. साताऱ्याकडे वाढलेल्या क्षिप्रानं वाचलं, उघडी जागा. म्हणजे खारफुटी नाही, काही तोडावं लागणार नाही. ती आखत असलेल्या पक्षी अभयारण्याच्या पायवाटेचं शेवटचं टोक तिनं तिथंच नेलं. वर निरीक्षण मनोरा, खाली बाकं, शेजारी स्वच्छतागृह. उद्या अभयारण्याची समिती आराखड्यावर सही करणार होती आणि आज ती मनोऱ्याच्या जागी खुंट्या ठोकत होती.

"म्याडम, लोक दारात बसून वडापाव खानार काय?"

मागे सायकल धरून गोटीराम उभे होते. शेजारच्याच गावातले, चाळीस वर्षं या मिठागरावर राबलेले. मीठ बंद झालं तरी त्यांची बांधावरची रोजची फेरी बंद झाली नव्हती.

"कसलं दार, काका? ही तर उघडी जागा आहे."

"उघडी नाय गो बाय, उघाडी! पान्याचं दार." त्यांनी काठीनं गवत बाजूला सारलं. खाली दगडी चौकट होती आणि तिच्या खाचांत बसवलेल्या जाड फळ्या. "आज अमावास्या हाय, उधान येल. बस जरा."

ती बांधाआड बसली. बाराच्या सुमाराला खाडी चढली. बाहेरचा चिखल बुडाला तसे त्यावर चरणारे पक्षी उठले. गोटीरामांनी वरची फळी ओढून काढली आणि पाणी आतल्या तळ्यात शिरलं. आधी शेकाट्या उतरल्या, मागोमाग फ्लेमिंगो, चौकटीपासून पंधरा पावलांवर. तिची पाहणी ओहोटीच्या वेळी झाली होती. तेव्हा इथं एकही पक्षी नव्हता.

क्षिप्रानं वेळ लिहिली, पाण्याची उंची लिहिली, पक्षी दोनदा मोजले. मनोऱ्याचे खांब या चौकटीच्या तोंडाशी येत होते. तिथं गाळ साचला असता, दार बुजलं असतं आणि तळं कोरडं पडलं असतं. लोक मनोऱ्यावर उभे राहून सुकलेली माती बघत बसले असते.

तिनं आराखडे करणाऱ्या आपल्या कंपनीचे प्रमुख श्यामसुंदर सरांना फोन लावला.

"सर, पायवाट एकशेऐंशी मीटर अलीकडे संपवायला हवी."

"क्षिप्रा, उद्या प्रेझेंटेशन आहे! टेन्शन देऊ नकोस. बेस्ट व्ह्यू तिथलाच आहे, तूच म्हणालीस."

"पाणी येतं म्हणून व्ह्यू आहे. आपण पाण्याचं दारच बुजवतोय. मी शब्द चुकीचा वाचला."

"मग समितीपुढे तूच सांग तसं. काम हातचं गेलं तर तुझ्या नावावर जाईल."

"सांगते."

फोन ठेवून तिनं विचारलं, "काका, मीठ कुठं रचायचात?"

"त्या तिथं, कट्ट्यावर. गाडी उभी केली तरी खचनार नाय."

एकशेऐंशी मीटर अलीकडचा तो कट्टा तिनं त्याच दुपारी मोजला आणि पायवाट तिथं संपवून रात्रीत नकाशा नव्यानं काढला.

"आराखड्यात चूक आहे आणि ती माझी आहे," हे समितीपुढचं तिचं पहिलं वाक्य होतं. सरांनी मान खाली घातली. उघाडी म्हणजे काय, असं तिनं विचारलं तेव्हा पाचपैकी चौघांनी ‘उघडी जागा’ असंच सांगितलं. मग तिनं भरतीचं कोष्टक आणि पक्ष्यांचे आकडे समोर ठेवले.

"एवढ्या लांबून लोकांना दिसणार काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"कट्ट्यावर कुडाची भिंत, तिला फटी, सहा दुर्बिणी. त्यातल्या दोन, लहान मुलांच्या उंचीला. स्वच्छतागृह रस्त्यापाशीच."

"आणि आम्ही जुनाच आराखडा घेतला तर?"

"तर त्यावर माझी सही नसेल. कारण लेखी देईन."

तासाभराच्या वादानंतर कट्टा मंजूर झाला.

शनिवारी ती खुंट्या उपटायला गेली. बारापैकी अकरा गोटीरामांनी आधीच उपटून ठेवल्या होत्या. बारावी चौकटीजवळ उभी होती, लाल चिंधी बांधलेली.

"ही ऱ्हाऊ दे. पान्याला खून पायजे."

क्षिप्रा थांबली. या वेळी तिनं विचारून घेतलं. "खूण म्हणजे निशाणी ना, काका? पाणी कुठवर घ्यायचं त्याची?"

"मग काय, कोनाचा मुडदा पाडू?"

तिनं वही काढून त्या खुंटीची उंची लिहून घेतली.