पाळण्याची पावलं

पाळण्याची कडी कुरकुरली आणि दुपारची शांतता मोडली. तान्हा गाढ झोपला होता, तरी आई दोरी पायात अडकवून झोके देतच होती, हातांनी कपड्यांच्या घड्या घालत. पाळण्याच्या दांडीला थोरल्या लेकीचा पावलं मोजणारा पट्टा बांधला होता.

सुरुवात साधीच होती. पोरांनी हातपाय हलवावेत म्हणून शाळेतल्या बाईंनी फोनवर वर्गाचं पान काढलं. रोज संध्याकाळी त्यावर पावलांची यादी पडायची. तापाने फणफणलेली थोरली एकदा सगळ्यात शेवटी आली, कुणीतरी खाली कासवाचं चित्र डकवलं, आणि पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. आईला बघवेना. तिने पट्टा पाळण्याला बांधला, त्या एका दिवसापुरता. बाळ नेमकं किरकिरं होतं. थोरली पहिली आली.

तो एक दिवस काही संपेना. थोरलीचं खाली खेळायला जाणंच सुटलं. मैत्रिणी हाका मारून थकल्या. ही आपली खिडकीशी फोन घेऊन बसलेली, नावासमोर लोकांनी टाकलेले लाल बदाम मोजत. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं; लेक शाळेत भिंगरीसारखी पळते म्हणून ते कामावर चारचौघांना यादी दाखवत.

आणि आज बाईंचा निरोप आला. शनिवारी मैदानाला तीन फेऱ्या, सगळ्यांच्या पुढे थोरली, आणि सगळं पानावर थेट दिसणार. इतर आयांनी तुमच्याकडून शिकावं, असंही वर लिहिलं होतं.

आईने हातातली घडी अर्धीच टाकली. पट्टा सोडून थोरलीच्या मनगटावर चढवला आणि तिला जिना दोनदा उतरून चढायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पोरगी भिंतीला धरधरून वर आली, घामाघूम, धापा टाकत. पट्ट्यावर जेमतेम एकशे साठ पावलं.

"मी बाईंना फोन करते," आई म्हणाली. "चूक माझी आहे, तुझी नाही, असं सांगते."

"मग बाई ते पानावर टाकतील."

"नाही गं टाकणार."

"टाकतील. त्यांनी स्वतःचा डबासुद्धा टाकलाय."

आईला हसू आलं आणि ओठांवरच विरलं. फोनवर बाईंचं नाव समोर होतं, बोट काही पुढे जाईना. थोरली येऊन तिच्या कुशीत शिरली. तिची छाती अजून धडधडत होती.

"आई, खरं सांगितलं तर मी शेवटची येईन, की यादीतच नसेन?"