रिकाम्या पॅकेजचा मालक

तुओमोची लायब्ररी एकतीस पॅकेजांत फुटली आणि सगळ्यांचं भलं झालं. असं काही घडलेलंच नाही, या थाटात तुओमो मंगळवारी फिनलंडमधल्या टांपेरेच्या ऑफिसात आला, बूट काढले, कॉफी ओतून घेतली. आपणही तसंच धरून चालू.

लायब्ररी म्हणजे नकाशे काढणारा कोड, नऊ वर्षं एकट्या तुओमोने वाढवलेला. त्यात कुणी स्वल्पविराम बदलला तरी अख्खा कोड नव्याने बांधला जायचा, तासभर. तेवढ्यात लोक सौनात वाफ घेऊन यायचे. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या हेनरिक्काने त्याचे तुकडे केले (अर्थात केलेच नाहीत) आणि काम चार मिनिटांवर आलं. प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेजवर, सांभाळणाऱ्याचं नाव असतं. हेनरिक्काचं एकतीस ठिकाणी. तुओमोचं एकाच ठिकाणी, जुन्या पॅकेजवर. त्यात आता काहीच नव्हतं, नुसता त्या एकतिसांकडे जायचा पत्ता.

भिंतीवरच्या स्क्रीनवर रोज मशीनने केलेल्या कोडच्या तपासणीचा निकाल झळके: "रिकामं पॅकेज. काढून टाका. सांभाळणारा: तुओमो."

"मनाला लावून घेऊ नकोस रे," हेनरिक्का म्हणाली. "मशीन आहे ते."

"मला कुठं काय वाटतंय? तूच दमत असशील एवढी सांभाळून. एखादं दे मला."

"फॉन्टचं घे."

"ते कोण वापरतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर देतेय."

तुओमोने वेलचीचा पाव संपवला आणि दुपारपर्यंत एक नवी तपासणी लिहिली: जुन्या पॅकेजवाल्याची परवानगी नसेल, तर त्यातून निघालेलं पॅकेज नापास. एकतीसच्या एकतीस लाल झाली. तुओमोचा चेहरा कित्येक महिन्यांनी माणसासारखा दिसला.

मग स्क्रीनवर उमटलं: "ही तपासणी फार मोठी आहे. विभागून घ्या."

हेनरिक्काने तिचे तीन भाग केले. परवानगी विचारणारा भाग कुणालाच लागेना, म्हणून तो गळाला. उरलेल्या दोन्हींवर तिचं नाव लागलं. दोघातिघांनी तिच्याकडे बघून आभाराची मान हलवली, म्हणजे तिथल्या मानाने टाळ्यांचा कडकडाटच.

तुओमो जागेवर बसला आणि त्याने ऑफिसच्या तांत्रिक समितीला अर्ज लिहिला:

"सर्व एकतीस पॅकेजांचा रस्ता अर्जदाराच्या रिकाम्या पॅकेजातून जात असल्याने, हेनरिक्का यांचे आभारही यापुढे त्याच रस्त्याने पाठवण्यात यावेत, आणि ते पलीकडे न पोहोचल्यास अर्जदाराकडे कारण मागू नये, ही विनंती."