माझ्या अंगावरचा निळा कुर्ता

मित्रांनो, मला डोकं नाही, हात नाहीत, आणि कमरेखाली एका लोखंडी दांड्याशिवाय काहीही नाही. मी एक जुनी डमी आहे. वणीच्या बाजारात अय्यूबचाचांचं लेडीज टेलरचं दुकान आहे, तिथे काचेजवळ मी उभी असते. डोकं नसलेल्या बाईला आठवणी कुठून असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या अंगावर चढलेला प्रत्येक कपडा मला आठवतो. त्यातला एक निळा कुर्ता तर मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कागदाचा लगदा साच्यात दाबून मला घडवलं, वर कापसाचा थर दिला आणि त्यावर पांढरं कापड ताणून पाठीवर टाके घातले. अय्यूबचाचा तेव्हा तरुण होते. त्यांनी मला एसटीत शेजारच्या सीटवर बसवून वणीला आणलं. दारातच त्यांच्या बायकोनं, हजराबीनं, मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "हे काय उचलून आणलं? डोकं दुकानदाराकडंच विसरले का?"

"डोकं घरात एक पुरे आहे," चाचा म्हणाले, आणि हजराबी तोंडाला पदर लावून हसली.

ते दिवस फार सुखाचे होते. लग्नसराईत माझ्या अंगावर एका दिवसात कितीतरी ब्लाऊज चढत आणि उतरत. बायका मला हात लावून पाहत, "असाच गळा पाहिजे" म्हणत. चाचांची मुलगी अस्मा माझ्या दांड्याला धरून उभं राहायला शिकली. पुढे ती बापाच्या शेजारी दुसऱ्या मशीनवर बसू लागली, आणि तिचा हात चाचांपेक्षाही सफाईदार झाला.

मग तयार कपड्यांची दुकानं आली, फोनवरून पार्सलं यायला लागली. आमच्याकडे फक्त फॉल-पिको आणि चेन बदलायची कामं उरली. मी महिनोन् महिने एकाच जुन्या ब्लाऊजमध्ये उभी राहिले. मित्रांनो, डमीला उघडं राहण्याचं दुःख नसतं. तोच तो कपडा अंगावर राहिला, की समजायचं, आता आपल्याकडे कोणी बघत नाही.

अशा वेळी अर्पिता आली.

ती अस्माची कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील तहसील कार्यालयात कारकून. बी.कॉम. झाल्यावर ती घरी बसली होती आणि घरचे तिच्यासाठी स्थळं पाहत होते. एका दुपारी ती स्टुलावर बसून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अस्मा, मी ब्लॉग काढून राह्यली. कपड्यांचा. पण माह्या तोंडाचा फोटो टाकला तर बाबा घर डोक्यावर घेतील. तुमची ही बाई देशील का?"

"घे ना. हिच्या तोंडाचा तर काही प्रश्नच नाही," अस्मा म्हणाली. "पण तू हे कायले करून राह्यली वं?"

अर्पितानं माझ्या खांद्यावरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "घरी मी काय घातलं ते सगळे पाह्यतात. मले काय वाटते, ते कोणी विचारत नाही. वाटते, कोणी तरी विचारावं."

लोक म्हणतात, ब्लॉग काढणाऱ्या पोरींना मिरवायचं असतं. असेलही कुणाला. मी मात्र हे असं ऐकलं, आणि त्या दिवसापासून माझा तिच्यावर जीव जडला.

आमचं काम कसं चाले ते सांगते. फोटो सकाळीच काढायचे, दुकानाच्या गच्चीवर, खाणीकडून येणाऱ्या कोळशाच्या गाड्यांची धूळ उडायच्या आत. मागे पांढरी चादर, फोन उभा करायला पिठाचा डबा. अस्मा मला कपडा घालायची. माझं माप ठरलेलं, त्यामुळे कपडा ढगळ बसला की ती पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. समोरून मग फोटो असा यायचा, जणू तो कुर्ता माझ्यासाठीच शिवला आहे. सगळीकडे असंच करतात, मित्रांनो. पण अर्पितानं पहिल्याच दिवशी एक नियम केला. शेवटचा फोटो माझ्या पाठीचा, चिमट्यांसकट. खाली ती लिहायची, 'मागून एवढा घ्यावा लागला. तुम्ही घेताना विचार करा.' कापड धुऊन पाहायची, रंग गेला तर तेही लिहायची. लिहिताना ती ओठांतल्या ओठांत वाचत असे, म्हणून मला सगळं कळे.

त्या पाठीच्या फोटोनंच ब्लॉग चालला. मारेगावच्या, घाटंजीच्या बायका तिला लिहू लागल्या. 'ताई, पोट सुटलं आहे, मले हे शोभंल का?' 'ताई, शाळेत शिकवाले जातो, बाही केवढी ठेवू?' अर्पिता एकेकीला उत्तर द्यायची. एकीनं माझं नाव 'बिनडोक्याची ताई' ठेवलं. मी अभिमानानं फुलले. कागदाची असले म्हणून काय झालं?

अस्मानं बदल्यात एकच मागितलं होतं. "मले फोटोत नको घेऊ. फक्त अब्बाच्या दुकानाचं नाव टाक." आणि प्रत्येक लेखाखाली ते येऊ लागलं, 'शिवण आणि फिटिंग : अय्यूब लेडीज टेलर, वणी.' दुकानात पुन्हा बायका दिसू लागल्या. चाचा नव्या गिऱ्हाइकाला मुद्दाम विचारायचे, "आमचं नाव कुठं पाह्यलं?" उत्तर त्यांना माहीत असायचं, पण ऐकायला फार आवडायचं.

मग एका मोठ्या शहरातल्या कपड्यांच्या कंपनीकडून जाहिरातीसाठी तो निळा कुर्ता आला.

त्या दिवशी अर्पिताचे पाय जमिनीवर नव्हते. "पाह्य, त्यांनी मले निवडलं. वणीतून मले."

अस्मानं कुर्ता उलटा करून पाहिला. "खांदा उतरून राह्यला. बगलेत ओढते. कापडही पाण्यात आखडंल."

"चिमटे लाव ना."

"लावते. पाठीचा फोटो काढशील ना पण?"

अर्पिता फोनमध्ये पाहत राहिली. "त्यांले व्हिडिओ पाहिजे. डमी चारी बाजूनं फिरवून. चिमटे दिसतील त्याच्यात. तू असं कर, आतून घे थोडा. खांदाही उचल. एका व्हिडिओपुरतं."

"मग तो त्यांचा कुर्ता राह्यला का?"

"खाली लिहीन ना वं मी. फिटिंग अय्यूब टेलर. लिहीत नाही का मी दरवेळी?"

अस्मानं तिच्याकडे पाहिलं, मग कात्री घेतली. मैत्रिणीच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. तिनं पूर्ण कुर्ता उसवला आणि पुन्हा शिवला. माझ्या अंगावर चढवला तेव्हा मला स्वतःलाच वाटलं, इतका सुरेख कपडा मी कधी घातला नव्हता. अर्पिता मला दांड्यावर हळूहळू फिरवत गेली. मी फिरले, मित्रांनो. मला काय माहीत, मी काय दाखवते आहे?

व्हिडिओखाली दुकानाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'पार्सल उघडलं, जसा आला तसा घातला.'

अस्मानं विचारलं तेव्हा अर्पिता हसून म्हणाली, "कंपनीवाले नको म्हणाले वं. पुढच्या वेळी टाकीन." तो व्हिडिओ आधीच्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. अर्पिता दर थोड्या वेळानं आकडा बघायची. बायकांचे प्रश्न खाली साचत गेले आणि ती आकडाच बघत राहिली.

काही दिवसांनी घाटंजीहून मानीबाई नावाची अंगणवाडीत काम करणारी बाई आली. तिनं पिशवीतून निळा कुर्ता काढून काउंटरवर टाकला. "पोरीच्या साक्षगंधासाठी मागवला होता. खांदे हे असे लटकून राह्यले. धुतला त आखडला. पाहुण्यांसमोर पोरीनं जुनाच ड्रेस घातला."

"पण बाई, हा आम्ही नाही विकला," चाचा म्हणाले.

मानीबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ही बिनडोक्याची ताई तुमचीच ना? हिच्याच अंगावर पाह्यला मी. हिच्यावर भरोसा होता माहा."

मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

चाचांनी वाद घातला नाही. तिला चहा पाजला आणि कुर्त्याचा खांदा दुरुस्त करून दिला. तिच्यानंतर आणखी बायका आल्या. ब्लॉगवरही लिहिणं सुरू झालं, 'अर्पिताताई, फोटोत एक आणि घरी एक, असं काहून?' दोन दिवस अर्पिताकडून काही उत्तर आलं नाही. मग ते आलं. अस्मानं दुकानात, माझ्याशेजारी उभं राहून, चाचांना ते वाचून दाखवलं.

'मैत्रिणींनो, मीसुद्धा फसले. व्हिडिओतला कुर्ता टेलरनं मला न विचारता परस्पर आत घेतला होता. मला याची कल्पना नव्हती. यापुढे मी त्या दुकानात काम देणार नाही.'

चाचांचं मशीन थांबलं. "परस्पर म्हणजे, आपण चोरून केलं. असंच ना?"

अस्मानं होकाराची मान हलवली.

"तिनंच लिहिलं? दुसऱ्या कुणी तिच्या नावानं लिहिलं असंल."

"तिनंच, अब्बा."

चाचांनी सुईत धागा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना. शेवटी अस्मानं तो ओवून दिला. अर्पिताच्या त्या उत्तराखाली कितीजणींनी लिहिलं होतं, 'बरं झालं ताई सांगितलं, आम्ही तिथं कपडे शिवायला टाकणार होतो.' अस्मानं अर्पिताला फोन लावला. तो उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळीसाठी कापड टाकून गेलेली एक बाई स्वतः न येता भाचीला पाठवून कापड परत घेऊन गेली. भाची म्हणाली, "काकू म्हणते, घरीच शिवू." चाचांनी घडी घालून दिलं.

अर्पिता आता घरी फोटो काढते. तिच्याकडे नवी डमी आली आहे, चेहऱ्याची, केसांची, लाल ओठांची. अस्माच्या फोनमध्ये मी तिला पाहिलं. तिच्या पाठीचा फोटो कधीच येत नाही.

मित्रांनो, लोक मला विसरले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण ते दुःख वेगळं. माझ्यावर विश्वास ठेवून कुणी फसावं, आणि फसवणाऱ्या हातानं मला आधी इतक्या मायेनं सावरलेलं असावं, हे मला अजून सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात अर्पिता दुकानात आली. आता तिचंच लग्न जमून साक्षगंध ठरलं होतं. हातात मोरपंखी ब्लाऊजपीस होता. अर्पिताचा डावा खांदा थोडा उतरता आहे. चाचा तिच्या ब्लाऊजला त्या बाजूनं आतून कापडाची एक पट्टी घालतात, म्हणून ते कधी कुणाला कळलं नाही. दुसरीकडे शिवलेले दोन ब्लाऊज खांद्यावरून घसरले होते.

"चाचा, तुमच्याशिवाय नाही जमत कुणाले," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

चाचांचा हात सवयीनं गळ्यातल्या टेपकडे गेला. अस्मा मध्ये येऊन उभी राहिली.

"ते लिहिलेलं आहेच ना अजून?"

"अस्मा, मी घाबरली होती वं. कंपनीवाले मले दोष देऊन राह्यले होते. सगळं गेलं असतं माह्यं."

"मग आमचं घालवलं. ठीक आहे. आता खरं लिही. इथं बसून लिही, मी माप घेते."

अर्पितानं फोन काढला. बराच वेळ हातात धरून ठेवला. माझ्या मनात आलं, लिही गं बाई, दोनच ओळी आहेत. मग तिनं तो पर्समध्ये ठेवला. "त्या घरचे सगळे वाचतात माहा ब्लॉग. आता खोटी पडली तर लग्न मोडंल. साक्षगंध होऊ दे, मग लिहिते. शप्पत."

"बरं," अस्मा म्हणाली. तिनं ब्लाऊजपीस घडी करून अर्पिताच्या हातात परत दिला. "मग ब्लाऊजही साक्षगंध झाल्यावरच शिवू."

अर्पितानं चाचांकडे पाहिलं. चाचांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खणात ठेवली. ती गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "खांद्याची पट्टी कुणाले सांगितली नाही मी. सांगणारही नाही."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी ब्लॉग काढेल, व्हिडिओ करेल. जरूर करा. आपल्याला कोणी विचारावं असं वाटणं, यात काही वाईट नाही. पण तुम्ही छान दिसावं म्हणून कुणाची तरी बोटं सुईनं टोचलेली असतात, त्यांना जपा. कौतुक झालं तर त्यांचं नाव घ्या. आणि चूक अंगाशी आली, तर कृपा करून त्यांना पुढे ढकलू नका. ती माणसं भांडत नाहीत, म्हणून ते सोपं वाटतं.

साक्षगंध काल झालं. आज दुपारपासून अस्मा फोन जवळ ठेवून काज-बटणं करते आहे. चाचा तिला काही विचारत नाहीत. फक्त फोन वाजला, की त्यांचं मशीन थांबतं.