नारळ धरेपर्यंतची हिरवी पट्टी

आज सकाळपासून मळभ आहे. वारा पडलाय, समुद्राचा आवाज लांबून आल्यासारखा येतोय, आणि वाडीतली एकही झावळी हलत नाही. हे सगळं मी मोबाईलच्या काचेतून पाहतेय.

मी एक हिरवी पट्टी. कोणतं काम कधी धरायचं, कधी संपवायचं हे हल्ली मोबाईलवर मांडतात ना, त्या आराखड्यातली. मला अक्षर येत नाही. माझ्या अंगावर 'नारळ धरेपर्यंत' असं लिहिलंय, ते माणसं वाचतात म्हणून ठाऊक.

माझा जन्म निसर्ग वादळानंतरचा. हरिहरेश्वराकडची ही वाडी दिनानाथांची. वादळात माड, पोफळी सगळं आडवं झालं होतं. त्यांचा मुलगा सलिल न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कचेरीत असतो. तिथे जहाजं अशाच पट्ट्यांवर चालतात म्हणे. तो आला, ओटीवर बसला आणि बोटाने भराभर पट्ट्या ओढल्या. पडलेली झाडं काढणं, कुंपण, खड्डे, रोपं. सगळ्यांत शेवटी मी. कचेरीतल्या सवयीने त्याने मला जेमतेम महिन्याभराची केली.

दिनानाथ हसले. "अरे, नारळ आहे तो. धक्क्यावर उतरवून घ्यायला कंटेनर आहे का?"

मग सलिल मला ओढत राहिला, पडदा सरकत राहिला. लवकर धरणारी जात लावायची होती, तरी मी चांगली पाच वर्षांची झाले. ओढून दमल्यावर तो म्हणाला, "बाबा, ही पट्टी संपेपर्यंत वाडी ठेवू. तोवर एकाही माडाला पोय नाही फुटली, तर जागा खोल्या बांधायला देऊन टाकू. पर्यटक तरी येतील."

पोय म्हणजे माडाचा फुलोरा. ती आली की मागून नारळ. दिनानाथ "बरं" म्हणाले.

ते पहिले दिवस मला फार आठवतात. घर भरलेलं होतं. नातवंडं खड्ड्यांचे फोटो पाठवत, सून मुंबईहून विचारी, कुंपण झालं का? माझ्या अवतीभवती निळ्या, पिवळ्या पट्ट्यांची दाटी. मग एकेक काम झालं, एकेक पट्टी फिकट झाली, दिसेनाशी झाली. सलिलही फिरकेना. उरले मी आणि दिनानाथ.

चहा झाला की ते चष्मा लावून मला उघडत. वर आलेलं 'आजचे काम' मोठ्याने वाचत आणि म्हणत, "हो हो, बसलोय लक्ष ठेवून."

आतून त्यांची बायको गोदूताई म्हणे, "झाडांना पाणी घाला. पट्टीला बघून माड वाढतो होय?"

आजचा दिवस दाखवणारी एक तांबडी रेघ असते. ती माझ्या अंगावरून मुंगीच्या पावलाने पुढे जाते. टोक जवळ आलं तेव्हा एका दुपारी दिनानाथांनी अंगठा टेकवून मला हळूच पुढे ओढलं. लगेच सलिलचा फोन.

"बाबा, तारीख तुम्ही हलवलीत? कारण लिहावं लागतं तिथे."

"लिही की. झाडाला घाई नाही."

"आपलं ठरलं होतं, बाबा."

सलिलने मला मागे घेतलं. चूक त्याची तरी कशी म्हणू? मला ओढलं की मी लांब होते, खेचलं की आखूड होते. माड तसा नाही. माणसांनो, माझ्यासारख्या पट्ट्या खुशाल आखा, पण बोटाला जमतं ते मातीकडून मागू नका.

आज तांबडी रेघ माझ्या टोकाला टेकलीय. सलिल आलाय. पडद्यावर प्रश्न उमटलाय, 'काम पूर्ण झाले का?' त्याने तो वाचून मोबाईल वडिलांपुढे धरला.

"तूच दाब," दिनानाथ म्हणाले. "पट्टी तूच आखलीस."

सलिलचं बोट 'नाही'वर आलं, पण टेकेना. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या येसूबाईंची हाक आली.

"भाऊ, त्या मोबाइलात काय शोधताय? तुमच्या कुंपणाकडच्या माडानं पोय माज्या अंगणाच्या बाजूला सोडलीय. येऊन बघा तरी. पण आधीच सांगते, नारळ हिकडं पडला तर मी परत देनार न्हाय."