हलत्या गाठीचे मोजमाप

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळघरातले मी एक जुने पेट स्कॅन यंत्र आहे. कारखान्यात कुशल हातांनी माझ्या पोटात बारीक स्फटिकांचे कडे बसवले. रुग्णाला किंचित किरण सोडणारी साखर टोचतात. रोगाची गाठ ती अधाशासारखी खाते. तिथले किरण टिपून रोग कुठे आणि किती, हे मी सांगते.

सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! मग शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आणि माझ्याकडे फक्त तिथे न मावणारे रुग्ण येऊ लागले. तरी माझी नजर अधू झालेली नाही.

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. फुप्फुसाच्या तळाशी गाठ होती. पहिल्या तपासणीत भीतीने त्यांचा श्वास वरच्यावर चालला होता. औषधानंतर पुन्हा आल्या, तेव्हा निवांत, खोल श्वास घेत पडून राहिल्या. गाठीने खाल्लेल्या साखरेचा माझा आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरांनी लगेच बाहेर जाऊन औषध लागू पडल्याचे सांगितले. तिथे बसलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीला आनंदाने रडू आवरेना.

माझी देखभाल करणाऱ्या भौतिकतज्ज्ञ ताई मात्र पडद्यापाशीच होत्या.

"आकडा उतरलाय, पण गाठीचा डाग लांबलाय," त्या म्हणाल्या. "गाठ श्वासाबरोबर हलली असणार, म्हणून किरण पसरून आकडा कमी भरला. पुन्हा मोजू या."

"मी आनंदाची बातमी देऊन आलोय. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी सांगते."

ताईंनी बाईंच्या छातीला पट्टा बांधला आणि नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगितला. बाई हसल्या. "जन्मभर पोरांना श्वास रोखायला शिकवलं, आणि इथं आल्यावर मलाच श्वास घ्यायला शिकवताय."

पट्ट्यावरून मला श्वासाची चाल कळत होती. श्वास सोडून छाती स्थिरावली, तेवढ्याच क्षणांचे किरण मी हिशेबात धरले. डाग आटोपशीर झाला आणि आकडा पहिल्याइतकाच भरला. औषध वाया गेले होते. ताईंनी स्वतः बाहेर जाऊन बहिणीला तसे सांगितले. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदलले.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. पुन्हा पट्टा, पुन्हा तसेच मोजमाप. या वेळी गाठीच्या जागी काहीच उजळले नाही. ताईंनी दोनदा खात्री केली, मगच दार उघडून बहिणीला आत बोलावले.

मित्रांनो, मी खोटे बोलत नाही, पण चुकू शकते. म्हणून माझ्यावरची धूळ पुसाच, शिवाय मला रोज पारखून घ्या. आणि माझा आकडा तुम्हाला हवा तसा आला, तर त्या दिवशी जरा जास्तच पारखा.